सरासरीत न दिसणाऱ्या पेशी

सर्व्हरची तब्येत सरासरीवरून ठरवायची नाही, हे आमच्या धंद्यात नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच शिकवतात. सरासरी रिस्पॉन्स टाइम दोनशे मिलीसेकंद दिसतो, मॅनेजर खूश असतो, आणि तेव्हाच शंभरातल्या एका गिऱ्हाइकाला पेमेंटचं पान उघडायला नऊ सेकंद लागत असतात. ॲप काढून टाकतो तो नेमका हाच. म्हणून आम्ही प्रत्येक रिक्वेस्ट सुटी मोजतो आणि सगळ्यांचा मिळून आलेख काढतो. आलेखात एकाऐवजी दोन उंचवटे दिसले की समजायचं, आत दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत.

कॅन्सरच्या गाठीला हाच नियम लावणारं एक यंत्र आहे, फ्लो सायटोमीटर. पेशी एकेक करून मोजणारं. या महिन्यात त्याच्याबद्दल लिहायचं ठरवलं, आणि तेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या संदर्भात. हा कॅन्सर आपल्याकडे फार आहे: २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू. शिवाय या यंत्राचे जे तीन-चार जन्मदाते आहेत, त्यांतला एक याच कॅन्सरच्या मागावर होता आणि तो आयबीएममध्ये नोकरीला होता. आमच्या हैदराबादच्या आयटीवाल्यांना हे वाचून जरा बरं वाटेल.

त्याचं नाव लुई कॅमेंट्स्की. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आयबीएमची वॉटसन प्रयोगशाळा होती, तिथे तो छापील अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रांवर काम करायचा. तोवर पॅप टेस्ट चांगली रुळली होती. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांचं पुस्तक १९४३ मध्ये आलं होतं. गर्भाशयमुखावरच्या पेशी हलकेच खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. एका काचेवर हजारो पेशी, त्यांत संशयास्पद असल्याच तर मोजक्या. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाचे डोळे कधी तरी चुकणारच. यंत्राला अक्षर ओळखता येतं, तर आजारी पेशी का नाही ओळखता येणार, असा प्रश्न पुढे आला.

काचेवर पसरलेल्या पेशींची चित्रं वाचणं त्या काळच्या कॉम्प्युटरला झेपणारं नव्हतं. कॅमेंट्स्कीनं प्रश्नच उलटा केला. भिंग पेशींवरून फिरवण्याऐवजी पेशीच भिंगासमोरून वाहत न्यायच्या. मायरन मेलामेड या पॅथॉलॉजिस्टबरोबर त्यानं १९६५ मध्ये या यंत्रावर लेख लिहिला. पेशीतली न्यूक्लिक आम्लं अतिनील प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे किती प्रकाश कमी झाला त्यावरून आतल्या आम्लांचा अंदाज. पेशीवर आपटून किती प्रकाश विखुरला त्यावरून आकाराचा अंदाज. दोन आकडे, एक ठिपका, एक पेशी. कॅन्सरच्या पेशीचं केंद्रक मोठं आणि डीएनएनं फुगलेलं असतं, तेव्हा तिचा ठिपका गर्दीपासून दूर पडावा, ही अपेक्षा.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत, मॅक फुलवायलर एका बगच्या मागे लागला होता. बगच म्हणायला हवं. वॉलेस कूल्टरच्या यंत्रात (पेटंट १९५३चं) पेशी बारीक छिद्रातून जाताना विजेचा अडथळा बदलतो आणि त्यावरून तिचं आकारमान कळतं. आज डेंग्यूच्या दिवसांत आपण ज्या सीबीसीच्या रिपोर्टवर प्लेटलेटचा आकडा शोधतो, त्या मोजणीच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. तर या यंत्रात तांबड्या पेशी मोजल्या की आलेखाला दोन उंचवटे यायचे. म्हणजे रक्तात दोन प्रकारच्या तांबड्या पेशी आहेत की यंत्र फसवतंय? फुलवायलरनं दोन्ही उंचवट्यांतल्या पेशी वेगवेगळ्या करून पुन्हा मोजायचं ठरवलं. त्यासाठी स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीटचं शाईचे थेंब उडवण्याचं तंत्र उचललं: धारेचे थेंब करायचे, हव्या त्या थेंबाला विद्युतभार द्यायचा आणि दोन विद्युत पट्ट्यांमधून जाताना त्याला बाजूला वळवायचं. वेगळ्या केलेल्या पेशी पुन्हा मोजल्या तर परत दोन उंचवटे! पेशी एकाच प्रकारच्या होत्या, छिद्रातून कुठली आडवी जाते आणि कुठली उभी, एवढाच फरक होता. ज्या प्रश्नासाठी यंत्र बनलं तो प्रश्नच खोटा निघाला, पण पेशी निवडणारं यंत्र मात्र जगाला मिळालं. पुढे स्टॅनफर्डच्या लेन हर्झेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याला चमकणाऱ्या रंगांची जोड दिली. हर्झेनबर्गना त्यासाठी २००६ मध्ये क्योतो पुरस्कार मिळाला.

पॅप टेस्टची जागा मात्र या यंत्राला घेता आली नाही. गर्भाशयमुखाच्या नमुन्यात चिकट स्राव, पांढऱ्या पेशी आणि एकमेकींना धरून बसलेल्या पेशींचे पुंजके इतके असतात की यंत्र उगाच घंटा वाजवत राहतं. ते स्थिरावलं रक्ताच्या कॅन्सरच्या निदानात आणि एचआयव्हीच्या रुग्णांच्या सीडी-४ मोजणीत. ठोस गाठींच्या बाबतीत त्याचा खरा उपयोग झाला संशोधनात. आपला आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

गाठ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच एक वस्तू येते. रिपोर्टवरही तसंच लिहिलेलं असतं: अमुक प्रकार, तमुक स्टेज. पण एक घन सेंटिमीटरच्या गाठीत साधारण दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात, आणि त्या सगळ्या कॅन्सरच्याही नसतात. आधार देणाऱ्या तंतुपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, सगळे तिथे दाटीवाटीनं राहतात. असा तुकडा वाटून, त्यातला डीएनए काढून वाचायचा म्हणजे मिसळ मिक्सरमधून फिरवून तिच्यात किती प्रकारची कडधान्यं होती ते सांगण्यासारखं आहे. चव कळेल. मटकीचे दाणे किती आणि वाटाण्याचे किती, ते गेलं.

फ्लो सायटोमीटर मिक्सर वापरत नाही. तुकडा बारीक करून, विकरं घालून पेशींमधले सांधे सोडवतात आणि जाळीतून गाळून सुट्या पेशींचं पाणी तयार करतात. ते पाणी एका जलद वाहणाऱ्या स्वच्छ द्रवाच्या मधोमध सोडतात. बाहेरची धार आतल्या धारेला दाबून इतकी बारीक करते की पेशी एकामागे एक रांगेत येतात, अमीरपेट मेट्रो स्टेशनच्या गेटमधून माणसं येतात तशा. गेटच्या जागी लेसर. सेकंदाला हजारो पेशी त्यासमोरून जातात, आणि प्रत्येकीच्या नावावर पाच-सहा आकडे नोंदले जातात: समोर किती प्रकाश पडला, बाजूला किती विखुरला, कुठला रंग किती चमकला.

डीएनए मोजण्यासाठी प्रोपिडियम आयोडाइडसारखा रंग वापरतात. तो डीएनएच्या जिन्यात पायऱ्यांमध्ये शिरून बसतो. जितका डीएनए तितका रंग, आणि जितका रंग तितकी चमक. (तो आरएनएलाही चिकटतो, म्हणून आरएनए आधी विकरानं संपवून टाकतात. आमच्याकडे याला डेटा क्लीनिंग म्हणतात, आणि आमच्यासारखाच तिकडेही निम्मा वेळ त्यातच जात असावा.) निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रं. समजा तिची चमक आपण २०० धरली. विभाजनाच्या तयारीत डीएनएची नक्कल पूर्ण झालेली पेशी ४०० वर दिसेल. नक्कल करत असलेल्या पेशी मधल्या उतारावर. निरोगी ऊतीचा आलेख असा साधा असतो: २०० वर उंच सुळका, ४०० वर छोटी टेकडी.

गर्भाशयमुखाच्या गाठीचा आलेख काढला, की पुष्कळदा २०० च्या सुळक्याशिवाय आणखी एक उंचवटा उभा असतो. समजा ३२० वर. म्हणजे या पेशींमध्ये नेहमीच्या १.६ पट डीएनए आहे, गुणसूत्रांचा हिशेब बिघडलेला आहे. आणि काही गाठींमध्ये त्याच्या शेजारी तिसरा उंचवटा असतो, समजा ३७० वर. हा तिसरा उंचवटा दिसला की एका गाठीत कॅन्सरच्या किमान दोन शाखा आहेत हे कळतं. रिपोर्टवर नाव एकच असतं आणि आत दोन वेगवेगळी बिऱ्हाडं नांदत असतात.

अर्थात यंत्र इथेही फसवू शकतं. दोन पेशी चिकटून एकदम गेटमधून गेल्या तर यंत्राला वाटतं, दुप्पट डीएनएची एकच पेशी आली. एका तिकिटावर दोघं. ते पकडण्यासाठी चमक किती होती याबरोबरच ती किती वेळ टिकली हेही बघतात, कारण जोडीला लेसर ओलांडायला जास्त वेळ लागतो. फुलवायलरची आठवण ठेवून म्हणायचं तर, उंचवटा दिसला म्हणजे शाखा सापडली असं नव्हे.

दुसरी अडचण म्हणजे २०० चा सुळका नेमका कुणाचा? निरोगी पेशींचा, की डीएनएचं प्रमाण जवळपास नेहमीचंच असलेल्या कॅन्सर पेशींचा? नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात विलेम कॉर्व्हर आणि सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर अस्तराच्या पेशींपासून होतो, आणि अस्तराच्या पेशींत केराटिन नावाचं प्रथिन असतं. आधार देणाऱ्या पेशींत व्हायमेंटिन असतं. दोघांना दोन वेगळ्या रंगांच्या अँटिबॉडी लावल्या आणि डीएनएला तिसरा रंग दिला. आता प्रत्येक पेशीबरोबर तिचं आडनावही नोंदलं जातं. व्हायमेंटिनवाल्या त्याच बाईच्या निरोगी पेशी आहेत, तेव्हा त्यांचा सुळका म्हणजे २०० ची घरचीच फूटपट्टी झाली. तिच्याशी ताडून केराटिनवाल्यांचे उंचवटे वाचायचे. बाहेरचं प्रमाण आणायची गरजच नाही.

आणखी एक सोय झाली. डेव्हिड हेडली यांनी १९८३ मध्ये मेणात जपलेल्या जुन्या गाठींमधूनही डीएनए मोजता येतो हे दाखवलं होतं. पॅथॉलॉजी विभागांच्या कपाटांत असे मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षं पडून असतात, आणि त्या ठोकळ्यांच्या मालकिणींचं पुढे काय झालं हे फायलीत नोंदलेलं असतं. लायडनच्या मंडळींनी आपली तीन रंगांची पद्धत या ठोकळ्यांवरही चालवली. वेगळ्या केलेल्या पेशींचा डीएनए काढून गुणसूत्राची कुठली प्रत उरली आणि कुठली गेली हेही मग बघता येऊ लागलं. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसतं डीएनएचं वजन फार गोष्टी लपवतं. एक गुणसूत्र वाढलं आणि तेवढंच दुसरं हरवलं तर काटा हलतच नाही. आईकडून आलेली प्रत गेली आणि वडिलांकडची दोनदा झाली, तरी नाही. एखाद्या जनुकातलं एकच अक्षर बदललं तर मुळीच नाही. उंचवटा फक्त एवढंच सांगतो की इथे चाळणी लावा, आत वेगळं काही आहे. खरं वाचन चाळल्यानंतर.

या शाखा येतात कुठून? गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटानं त्याचा १६ नंबरचा प्रकार १९८३ मध्ये आणि १८ नंबरचा त्याच्या पुढच्या वर्षी गाठींमधून वेगळा काढला, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. जगातले साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. हा संसर्ग इतका सर्रास होतो की त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडणं मूर्खपणाचं आहे, आणि बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघूनही जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो, तिथे त्याची दोन प्रथिनं काम बिघडवतात. ई-७ हे प्रथिन पेशीच्या विभाजनाचा ब्रेक काढून टाकतं. ई-६ हे पी-५३ ला संपवतं. पी-५३ म्हणजे डीएनएत गंभीर चूक सापडली की पेशीला थांबवणारी किंवा मरायला लावणारी यंत्रणा. आमच्या भाषेत, कोड रिव्ह्यू बंद, एरर आली तरी प्रोग्रॅम थांबवायचा नाही, आणि रोज प्रॉडक्शनवर रिलीज. काय होईल ते आमच्यापैकी कुणालाही विचारा.

गुणसूत्रांची वाटणी चुकायला लागते. काही पेशींत सगळा संच दुप्पट होतो, ९२ गुणसूत्रं, आणि मग पुढच्या विभाजनांत त्यातली काही गळत जातात. म्हणूनच उंचवटे पुष्कळदा दीडपट, पावणेदोनपट अशा अर्धवट जागी सापडतात. तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या जादा प्रती या कॅन्सरमध्ये वारंवार दिसतात. १९९६ च्या एका अभ्यासात आजार अस्तराच्या आत असण्यापासून खोल घुसण्यापर्यंतच्या टप्प्यावर हाच बदल ठळक दिसला होता. प्रत्येक चूक फायद्याचीच असते असं नाही. बहुतेक पेशी चुकांमुळे मरतात. ज्या चुकीनं पेशी जरा जास्त टिकते, जरा लवकर वाढते, ती शाखा पुढे जाते. पीटर नोवेल यांनी १९७६ मध्येच कॅन्सरकडे असं उत्क्रांतीच्या नजरेनं बघायला शिकवलं होतं.

ही शाखा फुटण्याची क्रिया थांबत नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा एका बाईच्या पेशींनी दिला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा त्यांना न विचारता घेतला गेला. त्या त्याच वर्षी गेल्या, वय अवघं ३१. त्यांच्या पेशी हेला या नावानं आजही जगभर वाढवल्या जातात. त्यांत एचपीव्ही १८ आहे आणि गुणसूत्रं ४६ च्या जागी बहुधा पाऊणशेच्या वर. २०१९ मध्ये १३ प्रयोगशाळांमधले हेलाचे १४ नमुने शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले. नाव एक, मूळ एक, पण जनुकांच्या प्रती वेगळ्या, प्रथिनांचं प्रमाण वेगळं, आणि तोच प्रयोग केला तर उत्तरंही वेगळी. एकाच रेपॉझिटरीचे हे १४ फोर्क, आणि कुणी कुणाशी मर्ज केलेलं नाही. बाटलीतल्या, सारखं खाणंपिणं मिळणाऱ्या पेशींचं हे होतं, तर प्राणवायू इथे भरपूर आणि तिथे तुटपुंजा अशा खऱ्या गाठीत काय होत असेल!

आमच्या नात्यातल्या एका काकूंचं रेडिएशन आणि केमो पूर्ण झालं, स्कॅन स्वच्छ आला, सत्यनारायण झाला. पावणेदोन वर्षांनी गाठ पुन्हा दिसली. घरात प्रत्येकजण एकच वाक्य बोलत होता, "पण गेला होता ना?" त्यांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे कुणी सांगू शकणार नाही आणि मी तर नाहीच. पण त्या वाक्यातला 'तो' मला तेव्हापासून खटकतो. आपण एकवचनात बोलतो आणि आत अनेकवचन असतं. रेडिएशननं शंभरातल्या नव्व्याण्णव पेशी मेल्या तरी स्कॅनला उरलेली एक दिसत नाही. ती उरली ती योगायोगानं, की ती आधीपासूनच वेगळी होती? विभाजनाच्या उंबरठ्यावरच्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, डीएनएची नक्कल संपवत आलेल्या पेशी चिवट असतात. प्राणवायू कमी असलेल्या कोपऱ्यातल्या पेशींवर किरणांचा परिणाम कमी होतो. त्यात शाखांचा फरक मिळवा. बायोप्सीचा तुकडा तर गाठीच्या एकाच बाजूचा असतो.

मग हॉस्पिटलात प्रत्येक गाठीचा असा आलेख का काढत नाहीत? रक्ताच्या कॅन्सरमध्ये फ्लो सायटोमेट्रीशिवाय निदानाचं पान हलत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मात्र उपचार ठरतात ते स्टेजवरून, गाठ किती मोठी आणि कुठवर पसरली यावरून. उंचवटे दोन आहेत हे कळलं तरी त्याप्रमाणे औषध बदलण्याइतकं ज्ञान हाताशी नाही. मला विचाराल तर ही निराश होण्यासारखी गोष्ट नाही, पण गाठ मोठी झाल्यावर तिच्याशी झगडणं किती अवघड आहे हे मात्र तिच्यावरून कळतं. दहा शाखांसाठी दहा पॅच लिहीत बसायचे.

आणि इथे मला सगळ्यात विलक्षण वाटते ती गोष्ट म्हणजे या कॅन्सरच्या शाखा कितीही फुटल्या, तरी मूळ कमिट एकच असतं. बऱ्याच गाठींमध्ये विषाणूचा डीएनए माणसाच्या गुणसूत्रात एका ठरावीक जागी घुसलेला असतो, आणि गाठीतल्या साऱ्या पेशी तीच खूण घेऊन फिरतात. गुणसूत्रं वाढोत, गळोत, ई-६ आणि ई-७ त्या सोडत नाहीत, कारण त्यांच्यावरच त्यांचं पोट चालतं. फुटलेल्या फांद्या मोजण्यापेक्षा मूळ शोधणं सोपं आहे. शिवाय त्यासाठी वेळही भरपूर मिळतो: प्रतिकारशक्ती चांगली असेल तर संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं.

या मूळ शोधण्याची मोठी परीक्षा आपल्याच मुलखात झाली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा निजामाच्या काळात ज्या जिल्ह्यातून हैदराबादला आले, त्या धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये. १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचे गावांनुसार चार गट केले गेले. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. एका गटाची एकदाच एचपीव्ही टेस्ट झाली, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे प्रत्यक्षात तपासणी नाहीच. या चौथ्या गटावरून पुढे नैतिकतेचा मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या बायकांचे आकडे वाचताना आजही अवघडल्यासारखं होतं.

निकाल २००९ मध्ये आले. एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या स्टेजला पोहोचलेले कॅन्सर तिकडे ३९, इकडे ८२. गट जवळपास सारख्याच आकाराचे होते, तपासणीचा गट थोडा मोठाच. पॅप आणि डोळ्यांनी केलेल्या तपासणीच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावी अशी घट दिसली नाही. ज्या पेशीचं रूप बदललं आहे ती ओळखायला तयार डोळा लागतो, आणि प्रत्येक तालुक्याला, प्रत्येक दुपारी तो तेवढाच ताजा मिळेल कसा! कॅमेंट्स्कीच्या यंत्राला जे जमवायचं होतं ते शेवटी वेगळ्याच वाटेनं जमलं: पेशीकडे न बघता तिच्यातल्या विषाणूचा डीएनए शोधून.

त्या टप्प्यावर काही सापडलं तर उपचारही तेवढाच असतो. बिघडलेला भाग गोठवून किंवा गरम करून नष्ट करायचा, नाही तर विजेच्या तारेच्या कडीनं काढून टाकायचा. बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी येते.

जागतिक आरोग्य संघटना ही टेस्ट ३० वर्षांपासून, दर ५ ते १० वर्षांनी करायला सांगते. आमच्या घरात हा विषय काढला तेव्हा आईनं आधी टीव्हीचा आवाज वाढवला. वहिनीनं मात्र विचारलं की डॉक्टरसमोर टेबलावर झोपावं लागतं का. एचपीव्हीच्या टेस्टसाठी ते लागतंच असं नाही. मऊ ब्रशनं किंवा कापसाच्या काडीनं बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो, न्हाणीघराचं दार लावून. हे सांगितल्यावर टीव्हीचा आवाज थोडा कमी झाला.